ऑगस्टचं भाडं कोणी भरायचं?

दर ऑगस्टला नाटक-संगीताच्या महोत्सवांनी भरून जाणारं शहर म्हणजे स्कॉटलंडमधलं एडिनबरा. ऑगस्ट 2018 मध्ये तिथल्या प्रिन्सेस स्ट्रीटवर, फुटपाथच्या कडेला काळ्या फळ्यांचे आडोसे उभे राहिले. खाली बागेत, रॉस बँडस्टँड या खुल्या रंगमंचावर, तिकीट लावून मैफली होत्या आणि वरून जाणाऱ्या-येणाऱ्यांना त्या फुकटात दिसू नयेत अशी ही व्यवस्था होती. मैफल झाकता झाकता बाग झाकली गेली, आणि बागेपलीकडचा किल्लाही. एडिनबरात राहून किल्ला दिसत नाही अशी तक्रार करायची वेळ लोकांवर आली. आरडाओरडा झाला, वर्तमानपत्रांत फोटो छापून आले, आणि फळे निघाले.

हा रस्ता ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. प्रिन्सेस स्ट्रीटच्या एकाच बाजूला दुकानं आहेत. दुसरी बाजू मोकळी. रस्त्यावरून बाग एकदम खोल उतरते, तिच्या तळाशी रेल्वेचे रूळ, रुळांपलीकडे काळा खडक आणि खडकावर किल्ला. ही मोकळीक आपोआप राहिलेली नाही. अठराव्या शतकात त्या बाजूलाही घरं उठायला लागली तेव्हा समोरच्या रहिवाशांनी कोर्टकचेऱ्या केल्या, आणि 1816 च्या कायद्याने तिथल्या बांधकामाला चाप बसला. तरी बाग सगळ्यांची झाली नव्हती. पश्चिमेकडच्या अर्ध्या भागाला कुलूप असे आणि किल्ल्या असत त्या रस्त्यावरच्या मालकांकडे. 1876 मध्ये ती नगर परिषदेकडे आली आणि फाटक सर्वांना उघडलं. म्हणजे जी बाग उघडायला दोन-तीन पिढ्या गेल्या, ती उन्हाळ्यातल्या काही संध्याकाळींसाठी पुन्हा तिकीटवाल्यांची झाली.

फळे काढले, प्रकरण मिटलं, असं तेव्हा बहुतेकांनी धरलं. माझ्या मते ते मिटलेलं नाही. फळे ही आयोजकांची आगाऊ हुशारी होती, पण तिच्यामागचा हिशेब त्या एका कंपनीचा नव्हता. सगळा ऑगस्ट त्याच हिशेबावर चालतो. शहर वापरायचं, त्याची मोकळी जागा, त्याचे जिने, त्याचे सफाई कामगार, आणि या वापराचं भाडं मात्र जे तिकीट काढत नाहीत त्यांच्याकडून न विचारता वसूल करायचं. उत्सव लहान करा असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. उत्सवाने शहराला भाडं द्यावं, रोख आणि उघड हिशेबाने, एवढंच माझं म्हणणं आहे.

सुरुवात अशी नव्हती. 24 ऑगस्ट 1947 रोजी पहिला एडिनबरा आंतरराष्ट्रीय महोत्सव उघडला तेव्हा ब्रिटनमध्ये रेशनिंग चालू होतं. त्याआधीचा हिवाळा हाडं गोठवणारा गेला होता आणि कोळशाची टंचाई होती. महोत्सवाची कल्पना रुडॉल्फ बिंग यांची. व्हिएन्नात जन्मलेले, नाझींमुळे देश सोडून आलेले ज्यू संगीत-व्यवस्थापक. लॉर्ड प्रोव्होस्ट, म्हणजे नगराध्यक्ष, जॉन फॉल्कनर यांनी ती उचलून धरली. 1938 नंतर आपल्या व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंदापासून तुटलेले संचालक ब्रुनो वॉल्टर एडिनबरात पुन्हा त्याच्यासमोर उभे राहिले. महायुद्ध संपून दोन वर्षं झाली होती, त्यामुळे त्या मैफलीचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नसेल. संध्याकाळी किल्ल्यावर दिव्यांचा झोत टाकायचा होता, पण इंधन नाही म्हणून सरकारने नकार दिला. तेव्हा लोकांनी आपल्या वाट्याचा कोळसा देऊ केला आणि किल्ला उजळला. पाहुण्यांसाठी हॉटेलं पुरेनात, तेव्हा लोकांनी घरातल्या खोल्या दिल्या. काहींनी पैसे घेतले असतील, त्यात गैर काही नाही. पण देणारा आपल्या मर्जीने देत होता, आणि आपण कशासाठी देतोय हे त्याला ठाऊक होतं.

त्याच वर्षी आठ नाटक मंडळ्या आमंत्रण नसताना येऊन थडकल्या. त्यातल्या एकीने तर एडिनबरा सोडून फोर्थच्या खाडीपलीकडे, डनफर्मलिनच्या ॲबीत प्रयोग लावला. कोणी निवडलं नाही, कोणी अडवलंही नाही. यातून जे उभं राहिलं ते फ्रिंज. 1958 मध्ये त्याची संस्था झाली, आणि कोणाचा प्रयोग घ्यायचा, कोणाचा नाही, हे ठरवायचं नाही हा नियम तिने आजवर पाळला आहे. रंगभूमीच्या जगात इतकी उदार कल्पना क्वचित सापडेल. आपल्याकडे स्पर्धेची प्राथमिक फेरी, परीक्षक, शिफारस यांतून गेलेल्या नाटकवाल्याला हे ऐकून हेवा वाटतो. नाव नोंदवा, जागा भाड्याने घ्या, प्रयोग करा. पंधरा प्रेक्षक आले तर पंधरा.

पण दार उघडं असलं तरी आत राहायला जागा लागते, आणि ती फुकट नाही.

जुन्या एडिनबरातलं घर म्हणजे बहुधा दगडी टेनेमेंटमधला फ्लॅट. चार-पाच मजले, आठ-दहा बिऱ्हाडं, सगळ्यांना मिळून एक गोल वळणाचा दगडी जिना, वर छतातल्या काचेतून येणारा उजेड. तिथले लोक त्याला नुसतं ‘स्टेअर’ म्हणतात आणि शेजारी म्हणजे त्या जिन्यावरचा. जिना कोणी कधी पुसायचा याच्या पाळ्या असतात, खालचं दार नीट लागलं नाही तर वरून हाक येते. अशा जिन्यावरच्या आठांतली तीन घरं पाहुण्यांना रात्रीच्या हिशेबाने द्यायला लागली की काय होतं, हे पाहायला ऑगस्टमध्ये ओल्ड टाउनच्या कुठल्याही गल्लीत जावं. खाली रेलिंगला आकडे फिरवून उघडायच्या चावीपेट्या ओळीने लटकलेल्या दिसतात. रात्री एकला दगडी रस्त्यावरून बॅगांची चाकं खडखडत येतात. मग कोणीतरी चुकीची बेल दाबतं. पाहुण्याची यात चूक नाही, त्याला बिचाऱ्याला दुसरा मजला की तिसरा हे माहीत नसतं. पण रोज नवा पाहुणा असला की जिना पुसायच्या पाळीत नाव कोणाचं घालणार?

याला कायद्याने आवर घालायचा प्रयत्न झाला आहे. 2022 मध्ये सगळं एडिनबरा नियंत्रण क्षेत्र जाहीर झालं. आख्खं घर पर्यटकांना द्यायचं तर नियोजन खात्याची परवानगी लागते. 1 ऑक्टोबर 2023 पासून जुन्या घरमालकांनाही अशा भाड्यासाठी परवाना बंधनकारक झाला. टेनेमेंटमधल्या फ्लॅटला परवाना शक्यतो द्यायचाच नाही, असं कौन्सिलचं, म्हणजे नगर परिषदेचं, धोरण होतं, ते मात्र जून 2023 मध्ये कोर्टाने बेकायदा ठरवलं. घरमालकांचं म्हणणं होतं की आमच्या मालमत्तेवर ही सरसकट बंदी आहे. कोर्टाने कायद्याच्या चौकटीत निकाल दिला, त्यावर मी काय बोलणार. पण जिन्यावर राहणाऱ्याच्या बाजूने बोलायला त्या चौकटीत फारशी जागा नव्हती, हेही दिसलं.

यातली एक बाजू उत्सवविरोधक सांगत नाहीत, ती मला सांगितली पाहिजे. एडिनबरातली बरीच साधी कुटुंबं वर्षानुवर्षं ऑगस्टमध्ये आपलं राहतं घर कलाकारांना देऊन स्वतः गावाला जात. त्या भाड्यात त्यांची सुट्टी निघे आणि नाटकवाल्यांना चार खोल्यांत दहा जण कोंबून महिना काढता येई. परवान्याच्या कटकटीने यातले काही जण मागे हटले. जे धंदा म्हणूनच घरं चालवतात त्यांनी वकील लावून अर्ज भरले. नियम करताना राहतं घर महिनाभर देणारा आणि सहा फ्लॅट बारमाही चालवणारा यांच्यात जेवढा फरक करायला हवा होता तेवढा केला गेला नाही.

दुसरी बाजू विद्यार्थ्यांची. पुण्या-मुंबईहून, नाशिक-नागपूरहून एडिनबरा विद्यापीठात येणारी मुलं सप्टेंबरच्या तोंडावर उतरतात, म्हणजे उत्सव आवरता आवरता. पूर्वी घरमालक त्यांच्याशी दहा-अकरा महिन्यांचा करार करत, उन्हाळ्यात बाहेर काढत आणि ऑगस्टमध्ये तेच घर कितीतरी पट दराने फ्रिंजवाल्यांना देत. डिसेंबर 2017 पासून स्कॉटलंडमध्ये नव्या भाडेकरारांना मुदत घालता येत नाही, भाडेकरूला नुसतं ‘मुदत संपली’ म्हणून काढता येत नाही. हा कायदा भाडेकरूंसाठी चांगला. पण शहरात घरंच कमी, आणि त्यातली काही पर्यटकांकडे. व्हॉट्सॲपच्या मराठी ग्रुपवर ऑगस्टअखेर ‘मुलाला दोन आठवडे राहायला कोणाकडे खोली आहे का’ असे मेसेज यायला लागतात, त्यामागे हे सगळं असतं.

आणि तिसरा भाडं भरणारा म्हणजे खुद्द कलाकार. फ्रिंजमध्ये तीन-साडेतीन आठवडे रोज एक प्रयोग करणाऱ्या एकट्या विनोदवीराचा हिशेब मांडून पाहा. नोंदणीचे पैसे, थिएटरचा वाटा, पोस्टर, पत्रकं वाटणारी पोरं, आणि या सगळ्याच्या वर महिन्याची खोली. साठ खुर्च्यांचं तळघर रोज भरलं तरी कित्येकांची खोलीच परवडत नाही. मग येतं कोण? ज्याच्या घरी पैसा आहे तो, किंवा जो आधीच टीव्हीवर दिसतो तो. कोणीही यावं या तत्त्वावर उभा राहिलेला उत्सव निवड समिती न नेमताच निवड करायला लागतो, आणि ती निवड घरमालक करतात. 1996 मध्ये पीटर बकली हिल यांनी फ्री फ्रिंज सुरू केलं; दारूच्या गुत्त्यातली मागची खोली फुकट, प्रेक्षकाला तिकीट नाही, शेवटी बादली फिरते. थिएटरच्या भाड्यावर तो नामी उपाय निघाला. झोपायच्या जागेवर त्यांच्याकडेही उपाय नव्हता.

रोख बिल दिसलं ते 2022 मध्ये. 18 ते 30 ऑगस्ट, ऐन उत्सवात, कौन्सिलच्या कचरा कामगारांनी पगारवाढीसाठी संप केला. ओल्ड टाउनमधले डबे पहिल्या एक-दोन दिवसांतच तुंबले. पिझ्झ्याची खोकी, कॉफीचे पेले, फ्रिंजची रंगीत पत्रकं, सगळं फुटपाथवर, आणि समुद्रावरून आलेले धिप्पाड सीगल पिशव्या फाडायला. जगभरच्या पाहुण्यांनी फोटो काढले. शहराची लाज गेली असं पुष्कळ जण म्हणाले. मला वाटतं त्या तेरा दिवसांत शहर पहिल्यांदा खरं दिसलं. एरवी तो कचरा पहाटे कोणीतरी उचलतं म्हणून उत्सव ‘जादुई’ दिसतो. उचलणाऱ्याचा पगार कौन्सिल देतं, म्हणजे रहिवाशांचा कर देतो. संपाची वेळ मुद्दाम निवडली होती का? अर्थातच निवडली होती. त्यांच्या कामाची किंमत ऑगस्टमध्येच कळते, तर ते फेब्रुवारीत कशाला संप करतील!

आता यावरचं नेहमीचं उत्तर. उत्सवामुळे शहराला पैसा मिळतो, हॉटेलं चालतात, पोरांना उन्हाळ्यात कामं मिळतात, जगात नाव होतं. कुरकुर करणाऱ्यांनी महिनाभर बाहेर जावं. यातलं पहिलं वाक्य खरं आहे आणि ते मी हलक्यात घेत नाही. पाच लाखांहून थोड्या जास्त वस्तीच्या शहरात 2019 साली एकट्या फ्रिंजची तीस लाखांवर तिकिटं खपली. करोनानंतर, 2024 मध्येही सव्वीस लाखांहून जास्त. एवढ्या वस्तीच्या दुसऱ्या शहरात बारमाही एवढी नाट्यगृहं कशी तगतील? अशर हॉलसारखं सभागृह, छोट्या-मोठ्या शंभर जागा, ध्वनी-प्रकाशयोजनेतली तयार माणसं, हे सारं उत्सवाने पोसलं आहे. पण पैसा ‘शहराला’ मिळतो या वाक्यात शहर म्हणजे कोण? हॉटेलमालकाला मिळतो, गुत्त्याला मिळतो, फ्लॅटवाल्याला मिळतो. जिना, बाग आणि कचऱ्याचा डबा यांना तो आपोआप पोचत नाही, कोणीतरी नेऊन पोचवावा लागतो. आणि महिनाभर बाहेर जा हा सल्ला ज्याला दिला जातो त्याला बहुतेकदा ऑगस्टमध्येच ओव्हरटाइम असतो.

म्हणून एडिनबराच्या नव्या मुक्काम-कराचा मी समर्थक आहे. स्कॉटिश संसदेने 2024 मध्ये कायदा केला आणि जानेवारी 2025 मध्ये एडिनबरा कौन्सिलने तो लागू करायचं ठरवलं: खोलीच्या भाड्यावर 5 टक्के, एका मुक्कामात जास्तीत जास्त पहिल्या पाच रात्रींवर, 24 जुलै 2026 पासूनच्या मुक्कामांना. ॲमस्टरडॅम 12.5 टक्के घेतं, तेव्हा पाच टक्क्यांनी पाहुणा पळून जाईल ही भीती मला पटत नाही. रात्रीला दीडशे पौंड मोजणारा साडेसात पौंडांसाठी ग्लासगोला जाणार नाही.

कराचं नाव काढल्यावर कलाकार संघटनांनी हरकत घेतली, आणि ती रास्त होती. खोलीच्या भाड्याने वाकलेल्यावरच आणखी पाच टक्के कशाला? आधीच्या मसुद्यात सात रात्रींची मर्यादा होती, ती पाचवर आली. महिनाभर राहणाऱ्याला तेवढाच दिलासा. पण सूट नाही. इथे कौन्सिल चुकलं असं मी म्हणेन. उत्सवाला काम करायला आलेला आणि उत्सव बघायला आलेला यांना एकाच दाराने आत घेणं सोपं आहे, फॉर्म कमी लागतात. तरी फ्रिंजची नोंदणी नावानिशी होते. नोंदणी दाखवा, पैसे परत घ्या, एवढं तरी करता आलं असतं.

खरी अडचण मात्र कायद्याच्या शब्दांत आहे. करातून आलेला पैसा अशाच सोयींवर खर्चायचा की ज्या मुख्यतः पाहुण्यांसाठी आहेत किंवा पाहुणे वापरतात. कायदा करताना हेतू सरळ होता; हॉटेलवाल्यांना शब्द द्यायचा होता की तुमच्या गिऱ्हाइकाचा पैसा खड्डे बुजवण्यात जाणार नाही. पण परिणाम असा की पाहुणा ज्या ज्या गोष्टी वापरतो त्यांना पैसा मिळेल, आणि पाहुण्यामुळे ज्या गोष्टी रहिवाशाला वापरता येत नाहीत त्यांच्यासाठी पळवाट शोधावी लागेल. एडिनबराने घरांसाठी वर्षाला 50 लाख पौंड बाजूला काढायचं ठरवलं आहे, आणि ते धाडसाचंच आहे. पूर्ण वसुली सुरू झाली की वर्षाला पाच कोटी पौंडांपर्यंत रक्कम येईल असा कौन्सिलचा अंदाज आहे. म्हणजे घरांच्या वाट्याला दहावा हिस्सा. उरलेल्यातला मोठा वाटा शहराच्या देखभालीला, त्याखालोखाल संस्कृती आणि कार्यक्रमांना, थोडा पर्यटन-व्यवस्थेला. कार्यक्रमांना पैसा द्यायला माझी ना नाही. पण कार्यक्रमांनी होणाऱ्या त्रासाची भरपाई म्हणून घेतलेला कर आणखी कार्यक्रम भरवायला जाणार असेल, तर टेनेमेंटमधल्या माणसाने हसावं की रडावं?

भाडं नेहमी पैशातच द्यावं असं नाही, आणि इथे मी पुन्हा बागेकडे येतो. पैसे भरले म्हणून सार्वजनिक बागेला कुंपण घालायचा हक्क मिळत नाही. तिकिटाच्या मैफलींना मरीफील्डचं स्टेडियम आहे, इंग्लिस्टनची मैदानं आहेत. बागेत जे होईल ते रस्त्यावरून दिसलं पाहिजे, ऐकू आलं पाहिजे, ही अट परवान्यातच हवी. कोणी म्हणेल, मग आयोजकाचं भागायचं कसं? बँडस्टँडजवळच्या खुर्च्यांना खुशाल तिकीट लावा. 2019 पर्यंत महोत्सवाच्या शेवटच्या रात्री असंच होत होतं: खुर्च्यांवर तिकीटवाले, समोर वाद्यवृंद, किल्ल्यावरून आतषबाजी, आणि प्रिन्सेस स्ट्रीट, कॅल्टन हिल, इनव्हर्लीथ पार्क, जिथून आभाळ दिसेल तिथे सगळं शहर चहाचे थर्मास घेऊन उभं. त्यानंतर ती आतषबाजी बंद पडली. खर्च, धूर, कुत्र्या-मांजरांचे हाल, कारणं सगळी पटण्यासारखी आहेत. तरी ज्या एका रात्री तिकीटवाला आणि बिनतिकीटवाला एकाच गोष्टीकडे बघत असत ती गेली, आणि तिच्या जागी तेवढं मोठं काही आलं नाही. 2016 मध्ये खडकावर आणि किल्ल्यावर चित्रप्रकाशाचा प्रयोग झाला, तोही फुकट. अलीकडे बागेत उद्घाटनाला शेकडो हौशी वादक बसवले गेले. ही वाट बरोबर आहे, पैसा तिकडे जावा.

एडिनबरातल्या मराठी मंडळींमध्ये हा विषय निघाला की कोणीतरी पुण्याच्या मांडवांचा दाखला देतंच. मांडव रस्ता अडवतो, खड्डे पाडतो, स्पीकर म्हाताऱ्यांची झोप उडवतो, हायकोर्टाला त्यावर कान टोचावे लागले. सगळं कबूल. पण मांडवात शिरायला तिकीट नसतं. ज्याचा रस्ता अडला त्यालाही आत जाऊन आरास बघता येते. ही काही भरपाई नव्हे, पण अगदी शून्यही नव्हे.

सगळं फुकट करा, असंही माझं म्हणणं नाही, कारण फुकटालाही मालक असतो. व्हिएन्नाचा डोनाउइन्सेलफेस्ट पाहा. पुराचं पाणी वळवायला डॅन्यूबमध्ये खोदकाम झालं, त्या मातीतून एकवीस किलोमीटर लांबीचं बेट तयार झालं, आणि 1984 पासून दर उन्हाळ्यात त्यावर तीन दिवस फुकट गाणं-बजावणं असतं. युरोपातल्या सगळ्यात मोठ्या खुल्या उत्सवांपैकी तो एक. भरवतं कोण? शहरातला सत्ताधारी सोशल डेमोक्रॅटिक पक्ष. महाराष्ट्रातल्या वाचकाला यातलं काही समजावून सांगायची गरज नाही. दहीहंडीच्या व्यासपीठामागचा फलक त्याने पाहिलेला असतो. एडिनबराने त्या वाटेला जावं असं मला वाटत नाही.

शहराच्या आपल्याच पोटात दुसरं उदाहरण होतं. क्रेगमिलर ही आग्नेयेकडची गरीब गृहवसाहत, किल्ल्यापासून बसने अर्धा तास, पण ऑगस्टच्या पत्रकांच्या नकाशात ती येत नाही. तिथल्या हेलन क्रमी यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला शाळेत विचारलं, माझ्या मुलाला व्हायोलिन शिकवाल का? मुख्याध्यापकांचं उत्तर आलं की या पोरांना लिहिणं-वाचणं-गणित शिकवण्यातच आमचा वेळ जातो. जगातले नामांकित व्हायोलिनवादक दर उन्हाळ्यात याच शहरात वाजवून जात होते तेव्हाची ही गोष्ट. बायांनी मिळून 1962 पासून आपलाच उत्सव सुरू केला. स्थानिक नाटकं, गाणी, पोरांची मिरवणूक; आणि हळूहळू त्याच उत्सवाच्या संस्थेतून घरांची, रोजगाराची, बालसंगोपनाची कामं उभी राहिली. कित्येक वर्षं ती संस्था वस्तीतली मोठी रोजगार देणारी होती. 2002 च्या सुमाराला अनुदान आटलं आणि ती बंद झाली. तिच्यासाठी प्रिन्सेस स्ट्रीटवर मोर्चा निघाल्याचं मी कुठे वाचलेलं नाही.

1995 मध्ये शहरातल्या दक्षिण आशियाई आणि इतर स्थलांतरित कुटुंबांनी एडिनबरा मेळा सुरू केला. तो नंतर लीथ लिंक्सच्या मैदानावर भरू लागला. भांगडा, कव्वाली, समोशांच्या रांगा, आणि ढोलाच्या तालावर नाचणारी स्कॉटिश पोरं. मोठ्या महोत्सवांच्या यादीत त्याचं नाव आलं, अनुदान कधी वाढलं, कधी घसरलं. क्रेगमिलर काय, मेळा काय, ज्या वस्तीत तो भरतो तिथल्या माणसाला त्याची झळ लागते तशी चवही लागते. मुलगी व्यासपीठावर नाचणार असेल तर बाप आवाजाची तक्रार करत नाही.

तेव्हा पाच टक्क्यांतून संस्कृतीला जाणाऱ्या पैशाचा एक ठरलेला भाग शहराच्या मध्याबाहेर, क्रेगमिलर, वेस्टर हेल्स, म्युअरहाउससारख्या वस्त्यांत, तिथल्याच लोकांच्या हाती खर्च व्हावा. हा ‘समाजोपयोगी उपक्रम’ म्हणून चिकटवलेला तुकडा नको. भाड्याचा हप्ता म्हणून हवा. ऑगस्टमध्ये मध्यवर्ती भागात झाडू मारणारे, गाद्या बदलणारे, दारं सांभाळणारे यांतले बरेच जण अशाच वस्त्यांत राहतात.

कायद्याप्रमाणे कराबाबत सल्ला द्यायला एक मंच नेमावा लागतो, ज्यात पर्यटन व्यवसायाचे आणि स्थानिक समाजाचेही प्रतिनिधी हवेत. दर तीन वर्षांनी योजनेचा आढावाही घ्यावा लागतो. व्यवसायाकडून येणारी माणसं तयारीने येतील, हातात आकडे घेऊन: किती तिकिटं, किती रात्री, किती उलाढाल. रहिवाशाकडे आकडा कुठला? प्रिन्सेस स्ट्रीटची बाग वर्षातून किती दिवस पूर्ण किंवा अर्धी बंद होती, मेडोज या मैदानावरचं गवत कार्यक्रमानंतर किती आठवडे दोरीच्या आत राहिलं, कुठल्या जिन्यावर किती परवाने दिले गेले, हे कौन्सिलने दर वर्षी मोजून छापावं. फ्रिंजच्या तिकिटांचा आकडा ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारीच जाहीर होतो. बागेच्या बंद दिवसांचा आकडाही त्याच सोमवारी, त्याच पत्रकात यायला काही हरकत नाही.